दुसऱ्या सीझनमधला लाँचवाला

दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात लाँचवाल्या म्हाताऱ्याने धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधला, सोडला, आणि पुन्हा बांधला. संगीत वाजलं नाही. शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली लाँचमधून उतरून निघून गेल्या. मला उगाचच उठून टीव्ही बंद करावासा वाटला. केला नाही, कारण रिमोट लेकीच्या मांडीखाली होता, आणि आमच्याकडे ज्याच्या मांडीखाली रिमोट त्याचं राज्य.

मालिका जपानी, चित्रांची. नाव सांगत नाही, कारण मला ते उच्चारता येत नाही. मी प्रयत्न केला की लेक कानांवर हात ठेवते. नुसतं 'कार्टून' म्हटलं तर दोन दिवस बोलत नाही. "ॲनिमे म्हणायचं, बाबा." बरं, ॲनिमे. कथानक विचाराल तर कथानक नाही. एक बेट आहे. बेटावरच्या तीन मुली रोज लाँचने समोरच्या गावातल्या शाळेत जातात आणि संध्याकाळी परत येतात. मधल्या वेळात डबा खातात, छत्री विसरतात, परीक्षेला घाबरतात. लाँच चालवतो एक म्हातारा. एवढंच. आमच्या कोळीवाड्यात याहून जास्त घडामोडी सकाळी नळावर होतात.

पहिला सीझन आम्ही गेल्या वर्षी बंदीच्या दिवसांत पाहिला. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि माणसं घरात एकमेकांच्या पायात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या बोटीचा तांडेल. तांडेल म्हणजे ज्याच्या हातात सुकाणू असतं आणि ज्याच्या शब्दावर खलाशी उलट बोलत नाहीत तो माणूस. चार खलाशी त्याच्या भरवशावर खाडीबाहेर जातात आणि परत येतात. मी बोर्ली पंचतनला शाळेच्या ऑफिसात लिपिक. माझ्या भरवशावर फक्त दाखले बाहेर जातात, आणि जन्मतारीख चुकली म्हणून परत येतात.

बंदीत दादाला करमत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास तो आमच्या ओटीवर येऊन बसायचा. मग दारात उभा राहून बघायला लागला, मग आत, मग एक खुर्चीच त्याची झाली. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी त्याला आणि माझ्या बायकोला वाचता येत नव्हत्या, म्हणून लेक प्रत्येक वाक्य आमच्या बोलीत सांगायची. त्यामुळे त्या जपानी मुली "आगं बाय, माजा डबा ऱ्हायला!" असं ओरडायच्या, आणि लाँचवाला हुबेहूब दादासारखा बोलायचा.

पहिला सीझन मजेचा होता, हे मी आजही म्हणेन. प्रत्येक भागात काहीतरी घडायचं: जत्रा, हरवलेलं मांजर, पोहण्याची शर्यत. मुलगी रुसली की ती तसं तोंडाने सांगायची, आणि तिने नाही सांगितलं तर पियानो सांगायचा. लाँचवाला म्हणजे ठरलेला विनोद. टोपी तोंडावर ओढून झोपलेला, मुली धापा टाकत आल्या की एक डोळा उघडून म्हणणार, "आज समुद्र गोड हाय." प्रत्येक भागात. तो डोळा उघडायच्या आत आम्ही चौघे एकसुरात म्हणून मोकळे व्हायचो.

दादाची तक्रार एकच होती. "ह्यांच्या समुद्राला भरती-ओहोटी न्हाय. बारा भाग झाले, पाणी त्याच पायरीवर."

"चित्र आहे ते, काका."

"पायऱ्या काढायला येतात ना त्याला? मग पाणी खाली न्यायला काय हात दुकतो?"

आम्ही हसलो. गेल्या वर्षी दादा असा होता.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, आणि ते सांगताना मला नेहमीसारखी मजा येत नाहीये. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी नेमलं नाही, पण हळदीला, बारशाला, एकदा तर बाराव्यालाही लोकांनी मला मध्ये बसवलं आहे. माझी सगळ्यात चालणारी गोष्ट म्हणजे दादाने वादळातून बोट आणली ती.

आमच्या खाडीच्या मुखाशी एका बाजूला खडक आहे आणि दुसऱ्या बाजूला वाळूचा दांडा. मधून जाण्याइतकीच वाट. ती वाट पाण्यावर दिसत नाही, जमिनीकडे बघून शोधावी लागते. टेकडीवर एक उंच सुरूचं झाड होतं आणि त्याच्या खाली देवळाचा कळस. समुद्रातून येताना सुरू बरोबर कळसाच्या डोक्यावर आला की वाट सापडली. ह्याला आमच्याकडे खूण म्हणतात. बोटीवर यंत्र आहे, नकाशा दाखवतं, पण वाळू सरकते हे यंत्राला कळत नाही. तेवढ्या जागेत सगळे तांडेल अजून खुणेवरच जातात. पंचवीसेक वर्षांपूर्वी वादळी पावसात दादाने त्या खुणेवर बोट आत घेतली. चार माणसं जिवंत आली. खरी गोष्ट एवढीच, आणि ती दोन मिनिटांत संपते.

दोन मिनिटांची गोष्ट हळदीला पुरत नाही. म्हणून मी तिच्यात घंटा घातली. पावसात सुरू दिसेना, कळस दिसेना, आणि अशा वेळी देवळातली घंटा वाऱ्याने आपोआप वाजायला लागली, तिच्या आवाजावर दादाने सुकाणू वळवलं! इथे मी थांबतो. बायका पदर डोळ्यांना लावतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दादा मांडवाच्या मागून ओरडला होता, "गाढवा, वारा समुद्राकडून जमिनीकडं होता. घंटा मला कशी ऐकू येईल?" लोक आणखी हसले होते. मग त्याचं ते ओरडणंही गोष्टीचा भाग झालं. नंतर कधीतरी त्याने ओरडणं सोडलं. मला वाटलं, कंटाळला.

त्यानंतर, आता काही वर्षांपूर्वी, आणखी एक मोठं वादळ येऊन गेलं. टेकडीवरचा सुरू त्यात मुळासकट पडला, त्याची लाकडं आम्ही दोन पावसाळे जाळली. वाळूचा दांडाही सरकला. आता खूण वेगळी आहे: पाण्याची नवी टाकी कळसाच्या उजवीकडे हातभर सुटी दिसली की वळायचं. ही नवी खूण शोधली कुणी? दादानेच. आठ दिवस ओहोटीला छोट्या होडीतून बांबूने पाणी मोजत फिरला होता.

यंदा दुसरा सीझन आला. लेक आता म्हसळ्याला कॉलेजला जाते, पण ती आम्हाला सोडून पुढचे भाग बघणार नाही अशी शपथ घेऊन बसली होती. पहिला भाग संपला आणि मी जाहीर केलं, "बिघडवली."

काहीच घडत नव्हतं. मांजर होतं, पण ते हरवत नव्हतं. मुलींचे गणवेश मनगटाशी तोकडे झाले होते आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. एक पूर्ण मिनिट नुसतं रिकामं बंदर आणि लांबून येणारा इंजिनाचा आवाज. लाँच नंतर दिसते, आवाज आधी. लाँचवाला टोपी काढून नीट बसलेला. मुली आल्या, मी सवयीने "आज समुद्र गोड हाय" म्हणून टाकलं. तो काहीच म्हणाला नाही. आमच्या खोलीत माझं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं.

"पाणी खाली गेलंय," दादा म्हणाला.

खरंच, धक्क्याच्या पाच पायऱ्या उघड्या होत्या आणि खालच्या दोन शेवाळाने हिरव्या.

"ह्या टायमाला चित्रवाला कोण तरी बंदरावर जाऊन बसला व्हता," दादा खूश झाला. "आणि पोरी, तुला आता तोंड उघडावं लागत न्हाय. न बोलता समजतंय."

लेकीला हेच हवं होतं. "बाबा, पहिल्या सीझनमध्ये त्या सगळ्या आपल्याशी बोलत होत्या. आता एकमेकींशी बोलतात. आपण फक्त बाजूला बसलोय."

"बाजूला बसायला मी बंदरावर जाईन की. टीव्ही कशाला?"

"बंदरावर तुम्ही बसता कुठे? तुम्ही तिथे पण गोष्टच सांगत असता."

माझ्या बायकोने ह्यावर इतकं मनापासून हसायची गरज नव्हती.

पण दोन-तीन भागांनंतर मलाही ते जाणवायला लागलं. पहिल्या सीझनमध्ये काय बघायचं ते बोट धरून दाखवत होते. आता दाखवत नव्हते, म्हणून आपण सगळंच बघायला लागलो. मुली पुढे परीक्षेचं बोलत आहेत आणि मागे, चित्राच्या कोपऱ्यात, म्हातारा तिकिटाचं पाकीट एका खिशात शोधतोय, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. मुलींचं लक्ष नाही. आपलं आहे. आणि आपण त्यांना सांगू शकत नाही. गेल्या वर्षी ज्या माणसाला आम्ही बारा भाग हसलो, त्याच्याकडे आता बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेना. मग तिसऱ्या भागात तो दोर.

दोर दुसऱ्यांदा बांधला तेव्हा मी दादाकडे पाहिलं. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

त्या दिवसांत समुद्र सारखा गरजत होता. आमच्या घरात पावसाळाभर तो आवाज असतो, आम्हाला तो ऐकू येत नाही. यंदा मला ऐकू यायला लागला. आणि मी कोपऱ्यात बघायची सवय लागलेला माणूस झालो होतो. दादाने चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. दादाने लेकीला विचारलं, "बारावीचा निकाल कधी हाय?" ती म्हणाली, "लागला काका, मागच्या वर्षीच." दुसऱ्या दिवशी त्याने तेच विचारलं आणि ती तेच, तितक्याच गोडीने म्हणाली. मी बंदरावरच्या शेडमध्ये गेलो तर दादाचा जुना खलाशी, वीस वर्षं त्याच्याबरोबर असलेला, एकटाच बसून जाळं उसवत होता. दादाने सकाळी विणलेला तुकडा. जाळ्याचे आस, म्हणजे डोळे, अर्ध्यातून लहान होत गेले होते.

"उंदरानं कुरतडलं," खलाशी माझ्याकडे न बघता म्हणाला.

गाठी सोडत होता तो. उंदीर गाठी सोडत नाही. मी "बरं" म्हटलं आणि परत आलो. मला त्या वेळी एकही गोष्ट सुचली नाही, ह्यावरून काय ते समजा.

सातवा भाग मला पूर्ण पाठ आहे. सगळा भाग म्हणजे वाट बघणं. संध्याकाळी लाँच यायची वेळ होते, लाँच येत नाही. धुकं आहे. मुली धक्क्यावर बसतात, बिस्किटं खातात, एक जण मोजे काढून पिळते. पहिल्या सीझनमध्ये असं असतं तर आत्तापर्यंत वादळ झालं असतं, मुली रडल्या असत्या, पियानो घामाघूम झाला असता. इथे नुसती बिस्किटं संपतात. मग इंजिनाचा आवाज येतो, पण चुकीच्या बाजूने. खडकाच्या बाजूने. मुली वळून बघतात, हसतात, हात हलवतात. त्यांना वाटतं म्हातारा गंमत करतोय.

दादा खुर्चीतून उठला.

"सुरू कळसावर घे!" तो टीव्हीकडे हात करून ओरडला. "आरं सुरू दिसत न्हाय तर घंटा ऐक! घंटा वाजतेय, तिकडं वळव!"

माझी बायको टाळ्या वाजवून हसली. मीही हसलो. माझीच गोष्ट, माझ्याच लकबीत, बरोबर माझ्या जागी थांबून. मी तर मनातून सुखावलो, हे लिहायला लाज वाटते. पडद्यावर लाँच कशीबशी वळली, धक्क्याला लागली, मुली चढल्या. दादा उभाच होता. मग तो छत्री न घेता भर पावसात घरी गेला.

लेक हसली नव्हती. "बाबा, घंटा तुम्ही घातलीय ना गोष्टीत?"

"हो. का?"

"मग काकांना ती कशी आठवते?"

मी उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघालो आणि दादाला घेऊन धक्क्याच्या टोकाशी गेलो. बंदी उठायला बारा दिवस राहिले होते. बोटीला रंग लागला होता, इंजिन दुरुस्त होऊन आलं होतं. समोर खाडीचं मुख पांढरं फेसाळत होतं. मी माझ्या परीने सहज, म्हणजे अगदी अवघडून विचारलं, "दादा, मला कधी बोट आणायची वेळ आली तर कुठे वळायचं रे?"

"तुला? मग आम्ही पोहतच येऊ." तो हसला. जुनं हसणं. मग टेकडीकडे वळला आणि हात वर केला. "तो सुरू बग. तो कळसावर आला की वळायचं."

टेकडीवर काही नव्हतं. वादळानंतर तिथे गवत तेवढं उगवलं आहे. टाकी बाजूला पांढरीधोप उभी होती, पावसातही दिसत होती.

"कुठे आहे सुरू?"

त्याने डोळे बारीक केले. "पावसात दिसत न्हाय," तो म्हणाला. "हाय तिथं."

जुन्या खुणेवर आज कुणी वळलं तर खडकावर जाईल. हे मलासुद्धा कळतं, जो मी बोटीत बसलो तर काठ धरून बसतो. चार खलाशी आणि दादा. आणि खलाशी त्याला उलट बोलणार नाहीत, कारण बोटीवर तांडेलाला उलट बोलत नाहीत. जाळं मागे बसून उसवता येतं, बोट उसवता येत नाही. आणि ती जुनी वाट दादाच्या डोक्यात इतकी पक्की ठेवली कुणी? नवी खूण त्याने एकदा शोधली, आठ दिवसांत. जुनी मी त्याला पंचवीस वर्षं प्रत्येक मांडवात ऐकवली, घंटेसकट.

मी शूर माणसासारखा वहिनीकडे गेलो. वहिनी ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. मी सुरुवात केली, "वहिनी, दादाचं जरा..."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "होळीपासून म्हाईत हाय. म्हसळ्याला डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणतात, बंदी उठू दे. आता माज्याजवळ कशाला बोलतोस? त्यांच्याजवळ बोल."

"माझं ऐकेल का?"

"एवढी वर्सं तुजंच ऐकत आलेत की."

तिला टोमणा मारायचा नव्हता. म्हणूनच तो बसला.

त्यानंतर आठवडाभर दादा आला नाही. आम्ही पुढचे भाग बघितलेही नाहीत. लेक म्हणाली, काकांशिवाय नको. बंदी उठायला पाच दिवस असताना मी शेडमध्ये गेलो. दादा बोटीच्या सावलीत एकटा बसून दोरांची वेटोळी करत होता. मी समोर उकिडवा बसलो. दहा प्रकारे सुरुवात ठरवून आलो होतो, त्यातली एकही केली नाही.

"दादा, घंटा वाजली नव्हती."

"कुठली?"

"वादळात. तू बोट आणलीस तेव्हा. घंटा मी घातली गोष्टीत. लोकांना आवडावं म्हणून. तूच मला गाढव म्हणाला होतास. वारा उलटा होता."

त्याने वेटोळं खाली ठेवलं. "मी ऐकली हाय ती."

"माझ्या तोंडून ऐकलीस."

"मी ऐकली हाय," तो पुन्हा म्हणाला, पण आता मला नाही, दोराला. मग त्याचा आवाज चढला. शेडबाहेर कुत्रं उठून लांब गेलं. "मग काय खरं हाय त्यात? आं? मी तरी व्हतो का बोटीवर, का मलाबी तूच घातलास?"

"तू होतास. पाऊस होता. चार माणसं होती. सुरू होता."

"हाय."

"होता, दादा. पडला तो. आपण दोघांनी तोडला. तुझ्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला तेव्हा."

तो माझ्याकडे असा बघत होता की मला वाटलं आता ह्यालाही तो गोष्ट समजणार. एवढी वर्षं कमावलेली माझी पत होती ती. मी काहीही खरं सांगितलं तरी त्यात घंटा असू शकते. मी त्याला हाताला धरून उठवलं नाही, टेकडी दाखवली नाही. मला ते जमलं नाही. तोच उठला आणि शेडच्या दारात जाऊन उभा राहिला. पाऊस नव्हता त्या दिवशी. टेकडी लख्ख दिसत होती. तो किती वेळ बघत होता ते मी सांगत नाही, कारण मी सांगितलं तर वाढवून सांगेन.

"जा घरी," तो पाठमोराच म्हणाला.

तीन दिवस तो आमच्याकडे फिरकला नाही. वहिनीशीही बोलला नाही, असं बायकोने सांगितलं. बोट पाण्यात उतरवली गेली. नारळ आणले गेले. जुना खलाशी मला रस्त्यात भेटला आणि नुसता उभा राहिला. मीही उभा राहिलो. मग आम्ही आपापल्या वाटेने गेलो. रोज पाच वाजता लेक खुर्ची त्याच्या जागी सरकवायची आणि सहा वाजता उचलून ठेवायची.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी तो आला. "लाव," म्हणाला. लेकीने राहिलेले पाच भाग एकामागून एक लावले. बायकोने मध्ये भाकरी टाकायला उठायचं टाळलं, आणि आमच्या घरात ते निवडणुकीच्या निकालालाही होत नाही.

शेवटच्या भागात परीक्षा संपते. पहिल्या सीझनचा शेवट आठवतो: जत्रा, फटाके, सगळे बंदरावर, लाँचवाला एक डोळा मिटून समुद्राला गोड म्हणतो. इथे साधी सकाळ होती. मुली धक्क्यावर येतात. लाँच लागलेली आहे. दोर खुंटाला बांधताना फक्त दोन हात दिसतात, तरुण, एका दमात बांधतात. मुली क्षणभर त्या हातांकडे बघतात. कुणीही काही विचारत नाही. त्या चढतात, लाँच सुटते, पाण्यावर तिची रेघ उमटते आणि पुसते. संपलं.

मी मनात कबूल केलं की हे चांगलं आहे, पहिल्यापेक्षा खूपच चांगलं आहे, आणि मला पहिलाच हवा होता.

"दोर बरोबर बांधला," दादा म्हणाला. "म्हातारा कुठं?"

"दाखवला नाही, काका."

"दाखवायला पायजे होता. सगळं दाखवलं, शेवाळ दाखवलं, आणि त्याला न्हाय? हे चुकलं त्यांचं." तो खरोखर चिडला होता. "कुठं तरी असंल ना तो? मेला असता तर पोरी रडल्या असत्या."

लेकीने मला न विचारता उत्तर दिलं. "लाँचमध्येच असेल. आत बसला असेल."

"आत," दादा म्हणाला. तो रिकाम्या पडद्याकडे बघत राहिला. "व्हय. बसू शकतो आत." मग माझ्याकडे वळला. "त्याला सांग उद्या सुकाणू धरायला. तूच सांग. मी सांगायला गेलो आणि विसरलो तर पंचाईत."

'त्याला' म्हणजे जुन्या खलाशाला, हे सांगावं लागलं नाही.

सकाळी नारळ वाहिला. दादा चढला, मागे सुकाणूपाशी गेला, सवयीने त्याच्यावर हात ठेवला. चारही खलाशी पाण्याकडे बघत होते. वहिनीने माझा दंड धरला होता, तिची नखं मला रुतली. मग दादा एक पाऊल बाजूला झाला आणि खाली बसला. जुना खलाशी पुढे आला. बोट खाडीच्या मुखाशी गेली, मंद झाली, इतकी मंद की थांबली असं वाटलं, आणि टाकीच्या खुणेवर बाहेर पडली. वहिनीने माझा दंड सोडला.

बोट तिसऱ्या दिवशी दुपारी परत आली. मासळी बरी होती. टोपल्या उतरत होत्या, बायका ओरडत होत्या, बर्फाचा टेम्पो भोंगा वाजवत होता. दादा उतरून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. चेहरा उन्हाने भाजलेला, खुशीत. त्याने खाडीच्या मुखाकडे पाहिलं, मग बोटीकडे.

"चांगली आत आली रं," तो हळूच म्हणाला. "कोण व्हता सुकाणूवर? मी व्हतो का?"

माझ्या तोंडाशी 'तूच' हा शब्द तयार होता. दोन अक्षरं. त्याला ती आवडली असती, आणि बाकीची गोष्ट मी तिथल्या तिथे रचली असती.

"नाही दादा," मी म्हणालो. "तू बाजूला बसला होतास. त्याने आणली." आणि खलाशाकडे बोट केलं.

दादाने त्या बाजूला पाहिलं. खलाशी पाठमोरा, टोपली खांद्यावर घेत होता.

"बरी आणली," दादा म्हणाला, आणि दुसरी टोपली उचलायला वाकला.